आबांची जांभई

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी सव्वासहाला दादाचा फोन आला. "आबांचं तोंड मिटंना झालंय. जबडा निखळलाय बहुतेक. तू घाबरू नको, मी बघतो." मी पुण्यात, अर्धवट झोपेत. जबडा निखळला तर बसवतील, असं म्हणून मी चहा ठेवला. पुढचे पाच तास आम्ही सगळ्यांनी मिळून वाया घालवले, म्हणून तो चहा अजून डोक्यातून जात नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, ६८ वर्षांचे. पोस्टात ३६ वर्षं नोकरी करून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. घर तासगाव तालुक्यात. फेब्रुवारीत आमच्याकडे द्राक्षं उतरवायची गडबड असते, त्यामुळे दादा पहाटेच बागेत गेला होता आणि घरी आई एकटी. आदल्या रात्री दहाला आबा दरांवरून दादाशी वाद घालून झोपले. ते त्यांचं आम्ही ऐकलेलं शेवटचं बोलणं.

सकाळी आईने पाहिलं तेव्हा तोंड अर्धवट उघडं, लाळ उशीवर, आणि आवाज नाही. घशातून नुसता "अं" असा हुंकार. पण स्वतः उठून संडासला जाऊन आले, चप्पल घातली, हात वर करा म्हटल्यावर दोन्ही हात वर केले. दादाने व्हॉट्सॲपवर आलेली पक्षाघाताची चाचणी नीट केली होती, त्याला दोष देता येणार नाही. तोंड वाकडं झालंय का? नाही. हात पडतोय का? नाही. आबांचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखाच, एखादा मुखवटा चढवल्यासारखा सपाट होता. वाकडं काही दिसलंच नाही, म्हणून हा जबड्याचाच प्रकार असणार असं ठरलं.

मग शेजारच्या गावचा हाडवैद्य. त्याने गालांवर बोटं दाबून पाहिली आणि "हे माझं काम न्हाई" म्हणाला, हे नशीब. मग तालुक्याच्या गावी दातांचे डॉक्टर. रविवार, दवाखाना बंद, घरून बोलावलं. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, "सांधा जागेवर आहे. आजोबांना गिळता येत नाहीये, बघा. इथे वेळ घालवू नका, मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या." मिरजेला पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी पुण्याहून दुपारी तीनला पोहोचले.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं झालं तर एवढंच लक्षात ठेवा: चेहरा सरळ असला, हातपाय चालत असले, तरी अचानक बोलणं किंवा गिळणं बंद झालं असेल तर तो पक्षाघात समजूनच निघायचं. आम्हाला १०८ ला फोन करायचं सुचलंही नाही, कारण माणूस चालत होता ना.

पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तो वेळ माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून मोजतात. आबांच्या बाबतीत म्हणजे रात्री दहापासून. झोपेत झटका आलेल्या काही रुग्णांना एमआरआय बघून हे इंजेक्शन देता येतं, पण आबांच्या एमआरआयमध्ये इजा पक्की झालेली दिसत होती. पाच तास आधी आलो असतो तर फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ताई, हा प्रश्न आता सोडा. कामाचे प्रश्न पुष्कळ आहेत."

आयसीयूत पहिले दोन दिवस आबांची ओळख "ऐकत नाहीत" अशी झाली. सिस्टर म्हणायच्या, "आजोबा, तोंड उघडा." काही नाही. "जीभ बाहेर काढा." काही नाही. "डोळे घट्ट मिटा." आबा टक लावून बघत राहायचे. एका सिस्टरनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही वाद झालाय का, रुसलेत का. त्यांचंही चुकलं नाही, कारण त्याच दुपारी आबांनी त्यांच्यासमोर चांगली लांबलचक जांभई दिली होती. जबडा पूर्ण उघडला, जीभ हलली, डोळे मिटले. मग ज्याला जांभई देता येते त्याला "आ" का करता येऊ नये?

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. आबा हट्टी आहेतच.

११ तारखेला न्यूरॉलॉजिस्ट आमच्यासमोर बराच वेळ त्यांच्याजवळ बसले. आधी हातात वही दिली. "तुमचं नाव लिहा." आबांनी नाव, गाव आणि कुणी न विचारता पिनकोडही लिहिला. "मी काय बोलतोय ते कळतंय?" आबांनी लिहिलं, "सर्व कळते." म्हणजे भाषा शाबूत. मग डॉक्टरांनी हनुवटीवर स्वतःचं बोट ठेवून त्यावर छोटी हातोडी हलकेच मारली, तर जबडा टुणकन वर उडाला. स्नायू मेलेला नाही, उलट जास्तच चपळ झालाय, असं त्यांनी आम्हाला दाखवलं. मग म्हणाले, "आजोबा, हसून दाखवा." चेहरा सपाट. तेवढ्यात डॉक्टरांच्या खिशातला फोन वाजला, आणि त्याची रिंगटोन म्हणजे कोंबड्याचं आरवणं! आबांना हसू आलं. गाल वर गेले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या, अगदी नेहमीचे आबा. मला रडू फुटलं, आणि माझ्याकडे बघून आबांनाही. रडतानाही सगळा चेहरा हलत होता. पुन्हा "हसा" म्हटलं, पुन्हा मुखवटा.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. चेहरा, जबडा, जीभ आणि घसा यांना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम जातात. त्यामुळे एका बाजूला इजा झाली तर दुसरी बाजू बरंचसं सांभाळून घेते. आबांना २०१९ मध्ये एक छोटा झटका येऊन गेला होता, डाव्या मेंदूत. आता साधारण त्याच जागी उजव्या मेंदूत आला. कानशिलाच्या आत मेंदूची एक घडी झाकणासारखी असते, तिला ऑपर्क्युलम म्हणतात. दोन्हीकडची झाकणं गेली, आणि मुद्दाम करायच्या हालचालींचा रस्ताच बंद झाला. पण हसू, रडू, जांभई, खोकला, आपोआप मिटणारी पापणी या गोष्टी वेगळ्या वाटेने येतात. ती वाट उघडी राहिली. १९२६ साली फॉय, शाव्हानी आणि मारी या तीन फ्रेंच डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव या आजाराला पडलं. दुर्मीळ आहे, पण आहे.

मला बरं वाटलं हे कबूल करते. आजाराला नाव असणं म्हणजे आबा रुसलेले नाहीत. त्याच संध्याकाळी मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं: "यांना सगळं ऐकू येतं व समजतं. सांगून तोंड उघडता येत नाही. उत्तर वहीत लिहून देतील." या कागदाचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचा झाला नसेल. ड्युटी बदलली की नवीन माणसाला पुन्हा सगळं सांगावं लागत नव्हतं.

आबांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत लिहिलं, "म्हणजे पत्ता बरोबर आहे. पोस्टमन रजेवर."

आता २०१९ च्या झटक्याबद्दल, कारण तो विम्यात आडवा आला. तो ऑगस्ट २०१९, सांगलीच्या महापुराचे दिवस. आबांचा उजवा हात जड झाला होता आणि जीभ अडखळत होती. रस्ते बंद. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चार दिवसांत हात सुधारला, सीटी स्कॅन पुराचं पाणी ओसरल्यावर झाला. हृदयाची मोठी तपासणी राहिली ती राहिलीच. या वेळी छातीला २४ तास यंत्र लावून होल्टर केलं, तेव्हा कळलं की आबांचे ठोके मधूनमधून अनियमित पडतात. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयात गुठळ्या बनून मेंदूत जातात, म्हणून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. तुमच्या घरात कुणाला छोटा झटका येऊन "बरा" झाला असेल तर होल्टर झालंय का ते विचारा. आमच्याकडे साडेपाच वर्षं कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही.

विमा माझ्या कंपनीचा, आईवडील त्यात आहेत. आबांना निवृत्तिवेतनाबरोबर महिन्याला १००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो, त्यात होल्टरही होत नाही. कॅशलेससाठी आधी ५०,००० मंजूर झाले. मग टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची, विचारणा आली: २०१९ चे सर्व कागद द्या. सीटीचा रिपोर्ट घरातल्या बिस्किटाच्या डब्यात सापडला, बाकी काही नाही. ग्रुप पॉलिसीत आधीचे आजार धरलेले होते, तरी कागद हवाच. शेवटी आमच्या कंपनीच्या एचआरने पॉलिसीचं ते पान आणि डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी दिल्या, तेव्हा ते पुढे सरकलं. २२ फेब्रुवारीला डिस्चार्ज मिळाला, म्हणजे सकाळी दहाला डॉक्टर "जा घरी" म्हणाले आणि संध्याकाळी पाचला टीपीएची अंतिम मंजुरी आली. तोवर आबांचं दोन वेळचं नळीतलं खाणं आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसून दिलं. एकूण बिल २,१४,००० रुपये. विम्याने १,७१,००० दिले. उरलेल्या ४३,००० मध्ये हातमोजे, डायपर, फीडिंग बॅग, सिरिंज असलं बरंच काही, जे विम्याच्या भाषेत "देय नाही". डिस्चार्जच्या दिवशी निदान ५०,००० हाताशी ठेवा. आणि डिस्चार्जनंतरची बिलं किती दिवसांपर्यंत देता येतात ते पहिल्याच दिवशी विचारा. आमच्या पॉलिसीत ६० दिवस होते, मी ५८व्या दिवशी पाठवली.

घरी आले ते नाकात नळी घेऊन. तोंडात घास ठेवला तर तो तिथेच पडून राहायचा. जीभ त्याला ढकलत नव्हती, दात चावत नव्हते. नळीचं काम पहिले तीन दिवस भीतीदायक वाटतं, मग सवय होते. दर दोन तासांनी २०० मिली, पाठ उंच करून, आणि नंतर अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवायचं. प्रत्येक वेळी शेवटी थोडं साधं पाणी सोडायचं, नाहीतर नळी तुंबते. नाकपुडीजवळ नळीवर जी खूण असते तिथे चिकटपट्टी लावायची आणि रोज बघायचं की खूण तिथेच आहे, कारण नळी सरकली तर खाणं फुप्फुसात जाऊ शकतं. गोळ्यांचं नीट विचारून घ्या. सगळ्या गोळ्या कुटून चालत नाहीत. रक्त पातळ करायच्या औषधांपैकी डॉक्टरांनी आबांना अपिक्झाबॅन दिलं, कारण ते कुटून पाण्यातून देता येतं. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नसते. हे मला औषधाच्या दुकानात कुणीच सांगितलं नसतं.

वर-खाली होणारा पलंग भाड्याने घेतला, महिन्याला १,८०० रुपये.

गावात बातमी पसरली होती. रोज कुणीतरी यायचं. "करणी असंल", "तोंड बांधलंय कुणीतरी", "अमुक गावच्या देवऋष्याकडं एकदा न्या की ओ." आई कुणालाच नाही म्हणत नसे. तिने एकदा गुपचूप लिंबू उतरवलं. आबांनी वहीत लिहिलं, "लिंबू सरबताला ठेवायचे होते."

पण प्रेमानेच घात केला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एक नातेवाईक देवाहून आल्या आणि आमची नजर चुकवून आबांच्या तोंडात दोन चमचे तीर्थ घातलं. आबांना नाही म्हणता येत नव्हतं, तोंड मिटताही येत नव्हतं. तीर्थामुळेच झालं की लाळेमुळे, कुणी सांगू शकत नाही, पण दोन दिवसांनी ताप आला, छाती घरघरायला लागली. २० मार्चला पुन्हा भरती, निमोनिया, सहा दिवस, ६८,००० रुपये. डॉक्टर म्हणाले, पाणी सगळ्यात धोक्याचं, कारण ते पटकन घसरतं आणि घसा तेवढ्या लवकर झाकला जात नाही. तोंड स्वच्छ ठेवलं तर हा धोका कमी होतो, कारण तोंडातले जंतूच लाळेबरोबर खाली जातात.

तोंड स्वच्छ कसं ठेवायचं, ही आमची रोजची लढाई होती. "आ करा" म्हणून उपयोग नाही. बोटांनी जबडा ओढला की तो उलट घट्ट होई. उपाय सापडला तो माझ्या सात वर्षांच्या भाच्यामुळे. तो आबांसमोर बसून अभ्यासाच्या नावाने जांभया देत होता आणि आबांना एकापाठोपाठ एक जांभई येत होती. दुसऱ्या दिवसापासून आईच्या हातात गॉज गुंडाळलेलं बोट तयार, आणि समोर आम्ही एकेक जण जांभई देणार. खोटी जांभई पाचसहा वेळा दिली की आपल्याला खरी येते आणि मग आबांना. तेवढ्या पाच सेकंदांत वरची ओळ. पुढच्या जांभईत खालची. स्पीच थेरपिस्टना मी हे लाजत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "चांगलंय की. लिहून ठेवा, मी दुसऱ्यांना सांगेन."

महिन्याहून जास्त नाकात नळी नको म्हणून ४ एप्रिलला पोटात नळी बसवली, पेग म्हणतात ती. दुर्बिणीतून अर्ध्या तासाचं काम, खर्च ३२,०००. त्याआधी रक्त पातळ करायचं औषध किती दिवस थांबवायचं ते न्यूरॉलॉजिस्टना विचारून घ्यावं लागलं, आणि दोन डॉक्टरांचे निरोप एकमेकांकडे पोचवायचं काम अर्थात घरच्यांचं. मी दोघांच्या चिठ्ठ्यांचे फोटो दोघांना पाठवले. नळी नाकातून पोटावर गेली आणि आबा पुन्हा माणसात आले. आरशात बघायला लागले, दाढी स्वतः करायला लागले. कट्ट्यावर जाऊन बसले, खांद्यावर लाळ पुसायचा टॉवेल टाकून. लाळ कमी व्हायचं औषध चालू केलं होतं, पण त्याने तोंड कोरडं पडून ओठ फुटायला लागले, म्हणून डोस निम्मा केला.

स्पीच थेरपी सांगलीला, आठवड्यातून दोनदा, दर वेळी ५०० रुपये, विम्यात बसत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं की बोलणं परत येण्याची आशा फार धरू नका, आपण गिळण्यावर काम करू. त्यांचा हा स्पष्टपणा तेव्हा मला आवडला नव्हता. मे महिन्यात पुण्याला, एक्सरेत दिसावं म्हणून बेरियम घातलेलं अन्न गिळताना एक्सरेची चित्रफीत काढली, ७,००० रुपये. त्यात दिसलं की घास जिभेच्या मागच्या भागापर्यंत पोहोचला तर पुढचं गिळणं आपोआप होतं, बऱ्यापैकी सुरक्षित. अडतं ते फक्त तिथवर नेणं. मग युक्त्या: लांब दांड्याच्या चमच्याने घास मागे ठेवायचा, हनुवटीला हाताने आधार देऊन तोंड मिटवायचं, मान किती वाकवायची ते थेरपिस्टनी दाखवलं तसंच. मानेची दिशा प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून ती इथे लिहीत नाही. १२ जूनला आबांनी चार महिन्यांनी पहिला घास खाल्ला. चक्का, साखर घातलेला. चार चमचे, २५ मिनिटं.

चहाचं दुःख मात्र राहिलं. पातळ चहा चालत नाही, त्यात दाट करायची पावडर घालावी लागते. पहिला चमचा घेतल्यावर आबांनी वही मागितली. "हा चहा नाही. पाकिटं चिकटवायची खळ आहे."

जूनमध्ये अपंगत्व प्रमाणपत्राचा विचार सुरू केला. २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात वाचा आणि भाषा दोष येतो. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन, आधार, फोटो आणि सही स्कॅन करून. आबांची सही अजून छापल्यासारखी येते. पहिल्यांदा तपासणीला गेलो तेव्हा झटक्याला सहा महिने पूर्ण झाले नाहीत म्हणून परत पाठवलं, अजून सुधारणा होऊ शकते म्हणून. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा गेलो. तपासणीचा वार ठरलेला असतो, आधी फोन करून खात्री करा, आम्ही एक चक्कर फुकट मारली. तपासताना पुन्हा तोच खेळ: "आजोबा, जीभ बाहेर काढा." आणि पाच मिनिटांनी आबांना जांभई. समोरच्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. मी एमआरआयचा रिपोर्ट, न्यूरॉलॉजिस्टचं पत्र आणि बेरियमचा रिपोर्ट एकावर एक ठेवला. पत्रात न्यूरॉलॉजिस्टनी आमच्या विनंतीवरून एक वाक्य मुद्दाम घातलं होतं, की आपोआप होणाऱ्या हालचाली शाबूत असणं हे या आजाराचंच लक्षण आहे. ते वाक्य नसतं तर आम्ही त्या खोलीतून मोकळ्या हाताने आलो असतो असं मला वाटतं. हा आजार ज्यांच्या घरी असेल त्यांनी असं पत्र मागून घ्या, दहा झेरॉक्स काढा. कार्ड ऑक्टोबरमध्ये पोस्टाने आलं. आबांनी पाकीट उघडण्याआधी शिक्क्याची तारीख बघितली आणि पोचायला किती दिवस लागले ते मोजलं.

मग आला नोव्हेंबर, पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. दर वर्षी आबा स्वतः जाऊन देत. या वेळी पोस्टमनला घरी बोलावलं, ७० रुपयांत घरपोच दाखला होतो. आलेला मुलगा आबांच्याच हाताखालच्या एकाचा पुतण्या निघाला. आधी बोटांचे ठसे घेऊन पाहिले. १०पैकी एकही बोट यंत्राने ओळखलं नाही. म्हातारी बोटं, झिजलेली. "काही हरकत नाही आबा, चेहऱ्यावरून होतंय आता," म्हणत त्याने मोबाइल समोर धरला. पडद्यावर गोल आला, आणि सूचना: डोळे मिचकवा.

आई आणि मी एकमेकींकडे बघितलं.

आबा गोलात टक लावून बसले. सांगून डोळे मिटत नाहीत, आणि लक्ष देऊन बघायला लागलं की आपोआप मिटणारेही मिटेनात. वेळ संपली. पुन्हा केलं. वेळ संपली. तो बिचारा म्हणायला लागला, "आबा, नुसती पापणी लववा की." मी त्याला थांबवलं आणि आजार समजावला. माझं ते भाषण एव्हाना पाठ झालंय, दीड मिनिटात होतं. तो म्हणाला, "मग थांबूया. मिटतील तेव्हा मिटतील." मोबाइल तसाच धरून त्याने आबांना विचारलं, त्यांच्या वेळी मनीऑर्डरीचे पैसे मोजून द्यायला किती वेळ लागायचा. आबा मोबाइल विसरून त्याच्याकडे बघायला लागले, काहीतरी आठवलं असावं, हसू आलं, पापण्या लवल्या. पण नजर गोलाच्या बाहेर. चौथ्या वेळी आईने मोबाइलच्या मागे उभं राहून बोलायचं ठरलं. ती द्राक्षांच्या दरावरून आबांनी व्यापाऱ्याशी घातलेलं एक जुनं भांडण सांगायला लागली, त्यात तिने आकडा चुकवला, आबांनी तो दुरुस्त करायला वहीकडे हात नेला आणि त्या वेळी कधीतरी पापणी मिटली. पडद्यावर हिरवी खूण आली.

संध्याकाळी आबांच्या मोबाइलवर मेसेज आला, प्रमाण आयडी म्हणजे दाखल्याच्या नंबरासकट. पोस्टमन तेव्हा निघून गेला होता. आबांनी वही ओढली. "७० रुपयांची पावती घेतली का?"